सेकंडहँड कॅमेरा, पाचगणीची जोडपी आणि आक्काचा फ्रेमचा फोटो

घरात बोलायला कोणी नसलं की माणसं टीव्ही लावतात. मला टीव्हीचा कंटाळा आला म्हणून मी कॅमेरा घेतला. नवरा फौजेतून रिटायर झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. पोरगी बेंगलोरला नोकरीला. इस्लामपुरात मी एकटी. शाळा माझी सातवीत सुटली. तेव्हा "फोटोग्राफी आम्हाला जमेल का" विचारत बसलेल्या बायांनो, बसू नका, घ्या.

पण नवा घेऊ नका. मला विश्रामबागेत एका स्टुडिओवाल्याकडे जुना मिळाला, लेन्ससकट. दुकानात लाजायचं नाही. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघायचा, काळे ठिपके दिसले तर कॅमेरा परत ठेवायचा. लेन्समध्ये टॉर्च मारायची, आपल्याकडच्या दमटपणात आत बुरशी धरते. मी एवढा वेळ लावला की मालक म्हणाला, "मावशी, कॅमेरा घेताय का सोयरीक जमवताय?"

"सोयरिकीला एवढं कुणी बघितलं होतं?" मी म्हणाले. त्यानं हसत कॅमेऱ्याला पिशवी काढली.

क्लासही लावू नका. यूट्यूबवर मराठीत, हिंदीत सगळं फुकट आहे. फक्त एकाच माणसाचे व्हिडिओ पहिल्यापासून बघा, दहा जणांचं ऐकलं की डोकं फिरतं. मी खिडकीत एक वांगं ठेवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्याचेच फोटो काढले. उजेड कसा पडतो ते तेव्हा कळलं. वांगं हलत नाही, लाजत नाही, आणि कंटाळा आला की भाजून खाता येतं.

मग वाटलं, वांगी पुरे, आता माणूस काढावा. माझं जवळचं माणूस म्हणजे थोरली बहीण, आक्का. दहिवडीच्या पुढं माळावर मेंढरं राखते. तिचा एक धड फोटो नाही. आधार कार्डावर आहे तो पोलिसांनी धरून काढल्यासारखा. मेंढरांत उभी, हसताना असा एक मला हवा होता. फोन लावून सांगितलं, "आक्का, फोटो काढायला येते." एवढंच बोलले, तिथंच चुकलं.

सरावासाठी आधी वाट वाकडी करून पाचगणीला गेले. इस्लामपूर ते सातारा एसटी, तिथून वाईवरून वर. बायकांना अर्धं तिकीट आहे, मग घरात कशाला बसायचं? शनिवार-रविवार मात्र टाळा, खोल्यांचे भाव लय चढतात. बाजाराच्या मागं साधी खोली मिळते, घासाघीस करा. टेबललँडवर सकाळी लवकर जा. ऊन डोक्यावर आलं की सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसतं.

मी दरीचा फोटो काढत होते, तर जोडपी येऊन हातात मोबाईल द्यायला लागली. "काकू, आमचा एक काढा ना!" सूर्य पाठीशी घेऊन उभी राहायची, मग तोंडं काळी येणारच. मी एकेकाला दंड धरून फिरवलं. सकाळभर दुसऱ्यांच्या घरच्यांचे फोटो काढले. तुमचा काढू का, असं एकानंही विचारलं नाही. मीही म्हटलं नाही. स्ट्रॉबेरी क्रीमचा ग्लास घेतला आणि बाकड्याच्या एका टोकाला बसून संपवला. दुसरं टोक रिकामंच होतं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यावरून दहिवडी. गाडी सकाळचीच धरा, ऊन कडक असतं. वस्तीवर रेंज नाही, व्हिडिओ घरूनच डाउनलोड करून न्या.

आक्का दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. ठेवणीतलं लुगडं, केसांना तेल, हात गुडघ्यावर, पाठ भिंतीला. मेंढरं शेजारणीच्या हवाली केलेली.

"आगं आक्का, लगीन हाय व्हय कुणाचं?"

"तूच म्हणालीस न्हवं, फोटो काढाया येती? काढ की फ्रेमचा."

आमच्याकडं म्हातारपणी माणूस एक फोटो काढून ठेवतो, मागं भिंतीवर लावून हार घालायला. त्यात कोणी हसत नाही. आक्काला वाटलं मी त्याच्यासाठीच आले.

"तसला न्हाई गं. मेंढरांत चल, हसताना काढते."

"मेंढरांत? मेल्यावर मेंढरासंगं टांगतीस व्हय मला? आन दात काढून? लोक म्हणतील, म्हातारी मरून खूश झालीया!"

मी चिडले. एवढ्या गाड्या बदलून काय ह्याच्यासाठी आले? पण ती उठेना.

"सुमे," ती हळू म्हणाली, "पोरगं पुण्याला. त्याला येळ न्हाई. तू आलीस. नीट काढ."

मग काढला. खुर्ची सावलीत ओढली. तोंडावर उजेड यावा म्हणून पुढ्यात उन्हात पांढरी चादर अंथरली. बायांनो, त्यासाठी वेगळी वस्तू विकत घेऊ नका. स्टँडही नको, मी कॅमेरा ज्वारीच्या पोत्यावर टेकवला. मागच्या स्क्रीनवर तिला फोटो दाखवला, तर किती वेळ बघतच बसली.

"झ्याक हाय. मेल्यागतच दिसतीया." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तुजा कोण काढणार?"

मी पदरानं कॅमेरा पुसायला लागले.

"आण हिकडं."

कॅमेरा ऑटोवर टाकला, पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि खुर्चीत बसले. ती बटण सोडून सगळं दाबायला लागली. "आगं वरचं! वरचं बटान! बोट काढ काचंवरनं!" तेवढ्यात खट्ट वाजलं.

येताना मायणी, विटा करत घरी आले. मेंढरांतला फोटो राहिलाच, ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. तिचा फ्रेम करून पाठवला. ती फ्रेम ट्रंकेत ठेवून आल्यागेल्याला दाखवते म्हणे.

माझा फोटो वाकडा आलाय, कोपऱ्यात आक्काचं बोट. मी खुर्चीतून अर्धी उठलेली, तोंड उघडं, हात वर. भिंतीवर लावण्यासारखा नाही. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलाय. चहा ठेवताना रोज दिसतो. कितीतरी दिवसांत मी कुणावर अशी ओरडले नव्हते.