मामांची मिशी आणि तीन फाइली

फ्लेक्स उलगडला, तर शिंदेमामांच्या तोंडाच्या जागी बाथरूमच्या टाइल्स! मिशी म्हणजे चार काळ्या फरश्या.

शिंदेमामा चाकणच्या कंपनीत मशीन शॉपचे फोरमन. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटली की रिटायर. गेटवर त्यांचा दोनमजली फ्लेक्स लावायचं त्यांच्या हाताखालच्या बापूनं ठरवलं होतं. फोटो मी काढलेला. थेरगावच्या फ्लेक्सवाल्याकडे आम्ही उभे, आणि शिफ्ट सुटायला जेमतेम तीन तास.

"कसला फोटोग्राफर राव तू! मामांचा लुडो केलास!"

"फाइल कुठली दिलीस, बापू?"

"तुझीच. मी ग्रुपवर टाकली, ग्रुपवरून पोरांनी दुसऱ्या शिफ्टच्या ग्रुपवर, तिथून ह्यांना. सगळ्यांची मंजुरी नको व्हय?"

मी कपाळावर हात मारला. त्याचा आवाज निगडीपर्यंत गेला असणार.

"रॉ फाइल म्हणजे फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग. कॅमेऱ्यानं पाहिलेलं सगळं त्यात असतं. जेपेग म्हणजे मशीनवर तासून हलका केलेला जॉब. ग्रुपवर तो दर फेरीला आणखी तासला जातो. उडालेला चुरा परत चिकटतो का?"

"न्हाई."

"मामांची मिशी चुऱ्यात गेली, भावा."

लॅपटॉपमध्ये रॉ होती. ती दिली, तर दुकानाचा कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. मग टिफ करून दिली. टिफमध्ये काहीच तासलं जात नाही, पण वजन म्हणजे हत्ती! कॉम्प्युटरचा पंखा असा फिरला, की समोरच्या टपरीवरचे चहाचे कप उडाले. शपथेवर सांगतो. मग स्क्रीन गोठली.

फ्लेक्सवाल्यानं हात जोडले. "साहेब, झेपेल असं काहीतरी द्या हो."

शेवटी रॉवरूनच पूर्ण आकाराची, सगळ्यात वरच्या क्वालिटीची जेपेग काढली. बापूचा मोबाइल आधी माझ्या खिशात टाकला, मग फाइल पेन ड्राइव्हवर दिली.

बाइकवर बापू मागे नव्या फ्लेक्सची गुंडाळी भाल्यासारखी धरून बसला. ट्रक आम्हाला वाट देत होते. फ्लेक्सची शेवटची दोरी बांधली आणि भोंगा झाला.

मामा गेटबाहेर आले, मान वर करून बघतच राहिले.

"ह्यो देखणा गडी कोण हाय रं?"

"तुमीच की, मामा!"

हलगी कडाडली. मिशीचा केस न केस वेगळा दिसत होता. तेवढ्यात औक्षणाचं ताट घेऊन आलेल्या मामी फ्लेक्सकडे बघून म्हणाल्या, "दाढी तरी करायची होती! पांढरे खुंट रस्त्यापलीकडून दिसत्यात."

तर, फोटो रॉमध्ये काढावा. छापायला पूर्ण आकाराची जेपेग द्यावी. आणि एवढी चांगली फाइल द्यायची असेल, तर गिऱ्हाइकाला आधी सलूनमध्ये पाठवावं.