तान मावशीने हात उचलला

परदेशी शिक्षकांच्या इमारतीत कामाला लागली तेव्हा तान युएचेनला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. भाजी खारट झाली म्हणून तिच्या नवऱ्याने, शिआंगने, लोखंडी झारा त्या कानावर हाणला होता. रक्त थांबल्यावर सासूने तिच्या हातात फडकं दिलं आणि म्हणाली, "फरशी पुसून घे. शेजारपाजारचे येतील." त्याआधी मनगट मोडलं होतं, त्याच्याही आधी दोन दात गेले होते. दोन्ही काठांना मिळून असलेल्या पोलीस चौकीतल्या शिपायाने तिला चहा दिला आणि घरची भांडणं घरात मिटवावीत असं समजावून परत पाठवलं. कान गेल्यावरही त्याने तेच सांगितलं, पण त्या वेळी ती घरी परत गेली नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी नदी ओलांडून या बाजूच्या शिक्षक-कॉलेजात आली, झाडलोटीचं काम मिळवलं आणि जिन्याखालच्या खोलीत राहू लागली. पोरं तिला तान मावशी म्हणू लागली.

चीनमधल्या हुनानच्या डोंगरातल्या त्या गावात परदेशी माणूस म्हणजे जत्राच. दर सप्टेंबरात नवे कुणी ना कुणी यायचे आणि त्यांची घडी बसवून द्यायचं काम मावशीकडे असायचं. शेगडी कशी पेटवायची, मच्छरदाणी कुठे खोचायची, बॉयलरघरातून उकळतं पाणी कधी आणायचं. त्या वर्षी कॅनडाहून ग्रेगर आणि नोरीन हे जोडपं आलं. गावच्या जिभेला ती नावं झेपेनात, म्हणून तो झाला को सर आणि ती नो बाई.

को सर ताडमाड उंच. दर दाराला कपाळ आपटायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. आठवडाभरात पोरांशी बास्केटबॉल सुरू. नो बाई ठेंगण्या, अबोल. त्यांना मिरची सोसेना, रस्त्यावर लोक वळून वळून बघायचे ते सोसेना. न्हाणीघरात नळ सोडून रडायच्या. मावशी तांदळाची पेज करून दाराशी ठेवायची आणि ओरडायची, "बाई, रडून झालं की खाऊन घ्या. गार पेज म्हणजे खळ!" बाईंना शब्द कळायचे नाहीत, पण वाडगा रिकामा परत यायचा.

मावशीने त्यांना बाजारात नेलं. बदकवाल्याने बदकाची मान मागे वाकवली, सुरी फिरवली, रक्त धरायला वाडगा पुढे केला. बदक फडफडलं. को सर पांढरेफटक होऊन बाहेर पळाले. नो बाईंनी मात्र वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि शेवटचा थेंब पडेस्तोवर हलू दिला नाही.

"ही टिकेल," मावशी बदकवाल्याला म्हणाली. "त्याचं सांगता येत नाही."

त्याच दिवशी तिने बाईंना बाजारात लागतील तेवढे शब्द शिकवले. महाग आहे. नको. सोड. बाई जिना चढताना, भांडी घासताना तेच घोकत राहायच्या.

थंडी पडायला लागली आणि एका दुपारी शिआंग आला. मावशी कावडीला गरम पाण्याचे थर्मास अडकवून बॉयलरघराकडून येत होती. तो पायऱ्यांवरच बसला होता.

"गोऱ्यांची धुणी धुतेस आणि माझी आई तिकडे घाणीत लोळतेय!"

"तिला तीन मुलगे आहेत," मावशी म्हणाली.

"पोरांनी धुवायचं का तिचं? सून कशाला केली मग? चल घरी."

"नाही येत."

त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला पायऱ्यांवरून खाली ओढलं. कावड गडगडत गेली. त्याने लाथ घातली, बरगडीत, मग पोटात. फाटकावरच्या मो काकांनी मान फिरवली. फाटकापाशी पत्ते खेळत बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "नवरा आहे तिचा." आणि पान टाकलं.

तेवढ्यात वरून नो बाई धावत आल्या. त्यांच्या ओठावर जे शब्द होते तेच बाहेर पडले. "नको! नको! महाग आहे! सोड!"

पत्तेवाले हसायला लागले. शिआंगलाही हसू आलं. "काय भाव लावतेय ही माझ्या बायकोचा?" तो म्हणाला आणि हसत हसतच त्याने मावशीचं डोकं पायरीवर आपटलं. बाईंनी पडलेला थर्मास उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या मानेवर हाणला. आतली काच फुटली. उकळतं पाणी त्याच्या खांद्यावरून पाठीत उतरलं. गुरासारखा हंबरडा फोडून तो पळाला तेव्हा त्याच्या मुठीत मावशीच्या केसांचा पुंजका होता.

मावशीने बाईंचे भाजलेले हात थंड पाण्यात धरले. "हे बरं नाही केलंत," ती पुटपुटली. "आता तो एकटा येणार नाही."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळं कॉलेज वामकुक्षीत असताना शिआंग दोन भावांना घेऊन आला. विटा, सळ्या. मो काका आपल्या खोलीत शिरले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. पहिल्या विटेने खालच्या मजल्याची काच फुटली.

को सर खाली गेले. बाई नको नको म्हणत असतानाही गेले. रिकामे हात वर करून, चेहऱ्यावर हसू ठेवून, मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले, "बसा. चहा घ्या. बोलू."

धाकट्या भावाने वीट सरळ तोंडावर मारली. जबडा मोडल्याचा आवाज वरच्या सज्ज्यापर्यंत आला. सर गुडघ्यावर बसले, ओंजळीत रक्त आणि दात, आणि तरी शिआंगने सळीने त्यांच्या पाठीत घातली.

मावशी सज्ज्यात उभी होती. इतकी वर्षं मार खाताना तिचं अंग आपोआप आक्रसून जायचं. त्या दिवशी तसं झालं नाही. तिने जिन्यालगतचा कावडीचा बांबू उचलला आणि खाली उतरली. पहिला फटका शिआंगच्या खांद्यावर. हाड कडकन मोडलं. दुसरा गुडघ्यावर. तो पडला. भाऊ सळ्या टाकून पळाले. मावशी थांबली नाही. पडलेल्या माणसाच्या पाठीवर, पायांवर, तोंड झाकणाऱ्या हातांवर बांबू पडत राहिला. तो "आई गं" म्हणत होता, मग नुसता कण्हत होता.

"मावशी! नको!" नो बाई मध्ये आल्या. पुढचा फटका त्यांच्या हातावर बसला आणि हात कोपराखाली वाकडा झाला. बाई किंचाळल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा कुठे बांबू खाली पडला.

तासाभरात पोलिसांच्या गाड्या आल्या. जिल्ह्याचे साहेब आले, डॉक्टर आले, फोटो काढणारे आले. तिन्ही भावांना अटक झाली. दवाखान्यातल्या शिआंगच्या खाटेपाशी पोलीस बसला. मावशीलाही चौकीत नेलं. तोच शिपाई समोर होता आणि त्याने पुन्हा चहा ठेवला.

"माझा कान गेला तेव्हा तू खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीस," मावशी म्हणाली. "परक्याचा जबडा मोडला तर अख्खा जिल्हा धावत आला."

शिपायाने वही पुढे ओढली. नो बाईंनी जबाब दिला की आपला हात झटापटीत मोडला, कुणी मारला ते कळलं नाही. मावशीला सोडून दिलं. कॉलेजचे उपप्राचार्य फू तिला फाटकातच भेटले. "मावशी, तुमचं दुःख मला कळतं हो, पण कॉलेजचं नाव..." तिचं बोचकं मो काकांनी आधीच बांधून ठेवलं होतं.

को सरांचा जबडा शहराच्या दवाखान्यात तारांनी बांधला. बोलता येऊ लागल्यावर ते मायदेशी निघून गेले. नो बाईंनी त्यांना विमानात बसवलं आणि प्लास्टरातला हात घेऊन एकट्या परत आल्या. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. न्यायालयात मावशीच्या फारकतीचा खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार म्हणून पुढच्या बाकावर बसल्या.

मावशी गावच्या खानावळीत भांडी घासू लागली. हिवाळा सरता सरता एका दुपारी बाई तिच्या खोलीवर आल्या. आता त्यांना बरंच बोलता येत होतं. मावशीने कोळशाच्या शेगडीपाशी त्यांना बसवलं, प्लास्टर निघालेला हात हातात घेतला, फिरवून पाहिला.

"दुखतो?"

"थंडीत दुखतो."

"मी मारलं तुम्हाला. तुम्ही तसं सांगितलं नाहीत."

"तुम्ही मला पाहिलं नव्हतं, मावशी."

"पाहिलं होतं," मावशी म्हणाली. "तुम्ही आहात हे मला दिसलं होतं. हात थांबेना. खरं सांगू? बरं वाटत होतं. तो ओरडत होता आणि मला जेवल्यासारखं बरं वाटत होतं. त्यालाही असंच वाटत असेल का, मला मारताना?"

बाईंनी शेगडीतला कोळसा सारखा केला. मग हळू म्हणाल्या, "थर्मास फुटला तेव्हा मलाही वाटलं होतं."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, उठली आणि दाराची कडी लावून घेतली, जणू हे बोलणं बाहेर जायला नको. मग दोघी शेगडीशी बसून राहिल्या.

फारकत मिळाली. शिआंग तुरुंगातून सुटला तो लंगडतच, आणि नदीच्या या बाजूला पुन्हा आला नाही. नो बाई आणखी तीन वर्षं शिकवत राहिल्या. रविवारी दोघी बाजारात जायच्या. बदकवाला सुरी काढायचा तेव्हा मावशी तोंड फिरवून उभी राहायची आणि बाई वाडगा धरायच्या.