पुरणाचा वास

आंजी गावात रूपरावांच्या घरी पुरण शिजायचं, तेव्हा शेजारच्या बायका काहीतरी निमित्त काढून चुलीपर्यंत यायच्या. कुणाला विस्तव हवा असायचा, कुणाला उगाच वाटीभर डाळ. खरं म्हणजे त्यांना शकुबाईचा सराटा, म्हणजे उलथनं, पाहायचा असायचा. गूळ घातलेली डाळ आटत आली की शकुबाई गंजाच्या मधोमध सराटा खोवायची आणि हात काढून घ्यायची. सराटा सरळ उभा राहिला की पुरण झालं, कलला की अजून थोडा जाळ. बायका माना डोलवायच्या, आणि शकुबाई त्यांच्याकडे न पाहताच म्हणायची, "पाह्यलं ना? जा आता घरी, तुमचं पातळ पुरण खा." तरी बायका पुढच्या सणाला पुन्हा यायच्या.

शकुबाई रूपरावांची धाकटी बहीण. कारंजा घाडगेला दिली होती. नवऱ्यानं हायवेवर ढाबा टाकला, ढाब्यावर दुसरी बाई आणून बसवली आणि शकुबाईला तिच्या ट्रंकेसकट एसटीत बसवून दिलं. नवरा जिवंत म्हणून कपाळाला कुंकू होतं, पण डोक्यावर छप्पर नव्हतं. भावाच्या दारात उतरली तेव्हा वहिनीनं, म्हणजे रुख्माबाईनं, पाण्याचा गडवा हातात दिला आणि तो रिकामा व्हायच्या आत सांगून टाकलं, "हाताले चव हाये तुह्या, म्हणून राय. चूल सांभाळशीन तंवर हे घर तुहं." रुख्माबाई मनानं चांगली आहे असं गाव म्हणतं. म्हणायला गावाचं काय जातं!

त्याआधी ती चूल रूपरावांच्या म्हाताऱ्या काकूकडे, सुमित्राबाईकडे होती. म्हातारीचे हात कापायला लागले होते. शकुबाई आली आणि थोड्याच दिवसांत म्हातारीची खाट गुरांच्या कोठ्याला लागून असलेल्या खोलीत गेली. तिला ताट नेऊन द्यायचं काम शकुबाईकडे आलं. सणाला डाळ शिजली की शकुबाई तिचं वरचं पाणी, येळवणी, निथळून घ्यायची. घरातल्या माणसांसाठी त्याला खोबऱ्याचं वाटण, चिंच, फोडणी, सगळं साग्रसंगीत. म्हातारीसाठी मात्र तेच पाणी नुसतं मीठ टाकून वाटीत.

म्हातारी हात पुढे करून विचारायची, "पुरण नाई केलं काय वं?"

"केलं ना. पण तुले आता गोड काय न आंबट काय, सारं सारखंच."

असं म्हणून शकुबाई परत यायची आणि तव्यावरची पोळी तुपात बुडवून खायची. हे तिनं एकदा नाही, म्हातारी मरेपर्यंत केलं. पुढं तिची कीव यायला लागली, तर हे विसरू नये.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात शकुबाई चिंचेची बरणी काढायला शिडीवर चढली. शिडी सरकली आणि तिचं डोकं मागच्या बाजूनं उखळावर आदळलं. काही दिवस पडून राहिली, मग उठली आणि वरणाला फोडणी द्यायला बसली. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, पण वास आला नाही. सर्दी असेल म्हणून तिनं नाक शिंकरलं. हिंगाची डबी नाकाला लावली. मग राकेलची बाटली. मग उठून कोठ्यात गेली आणि शेणाच्या पाटीवर वाकून उभी राहिली. काही नाही. घास तोंडात घेतला तर गोड, खारट, आंबट, तिखट एवढंच जिभेला कळत होतं. बाकीचं जेवण भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखं. त्या क्षणी तिला दवाखाना आठवला नाही. शेणाच्या पाटीवरून मान वर केली तर समोर सुमित्राबाईच्या रिकाम्या खोलीचं दार होतं, तेच ती पाहत राहिली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. भावालाही नाही. खोबरं ती रंगावर भाजू लागली. मिरचीचा धूर डोळ्यांत झोंबला की तवा उतरवायची. पुरण तर ती कानानंच शिजवू लागली. पातळ असताना ते बुडबुडतं, घट्ट झालं की फटफट उडतं आणि बुडाला लागायच्या बेताला आलं की तीच फटफट बसक्या आवाजात येते. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतोच, त्यामुळं सणावारी तर तिचं झाकूनच जायचं. पण तूप खवट झालं का, खोबरं जुनं आहे का, दूध फिरायला आलं का, हे कान सांगत नाहीत. प्रत्येक जेवणाला पंगतीचा पहिला घास गिळून होईपर्यंत शकुबाईचा जीव टांगणीला लागायचा.

मग रूपरावांचा मुलगा कैलास याचं लग्न झालं आणि घरात दिपाली आली. दिपाली जाम गावची. चौरस्त्यावर तिच्या बापाचं नाश्त्याचं दुकान होतं आणि रश्श्याची तर्री कशी वर आणायची हे पोरीच्या हाताला ठाऊक होतं. शकुबाईनं तिला लगेच शिकायला बसवलं.

"इकडं ये. हे खोबरं भाजून राह्यली मी. वास घे अन् सांग, झालं का?"

दिपाली वाकून वास घ्यायची. "झालं, आत्याबाई."

"मंग तोंड उघडून सांगत काऊन नाई? जळायची वाट पाह्यत होती काय? जाममधी बापानं हेच शिकवलं वाटते."

"नाई झालं" म्हटलं तरी बोलणी, "झालं" म्हटलं तरी बोलणी. तूप, दूध, मसाला, सगळ्यावर दिपालीचं नाक आधी फिरायचं. उत्तर मिळालं की शकुबाई ते स्वतःचं करून घ्यायची आणि वर पोरीला चार शब्द सुनवायची. पोर बिचारी समजायची, आत्याबाई कडक आहेत पण घडवतात. ज्या नाकावर शकुबाई जगत होती त्याच नाकाला ती रोज टोमणे मारत होती, कारण पोर एकदा शहाणी झाली की आपली खाट कुठं जाईल हे तिला ठाऊक होतं.

एकदा शकुबाई शेतावर गेली असताना दिपालीनं रस्सा केला. रूपरावांनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. "सूनबाई, वाढ अजून. मस्त झाला." तेवढ्यात शकुबाई दारात आली आणि तिनं ते ऐकलं. लगेच चुलीवरचं पातेलं तिनं फडक्यानं उचललं, मोरीशी नेलं आणि सगळ्यांच्या देखत उपडं केलं.

"सडक्या खोबऱ्याचा वास येऊन राह्यला होता. घरातल्यायले मारतं काय वं?"

खोबरं ताजं होतं. दिपालीनं हातातली पळी खाली ठेवली. कैलासनं बायकोकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं आणि तो लोणच्याशी पोळी खायला लागला. त्या दिवसापासून चुलीपाशी दिपालीला फक्त नाक चालवायची परवानगी उरली.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका पोळ्याला, बाहेर आभाळ भरून आलेलं आणि स्वयंपाकघरात अंधार, शकुबाईनं जायफळ किसायला सांगितलं. पूजेच्या डब्यात जायफळ आणि सुपारी एकत्रच पडलेली असायची. दिपालीनं किसलं आणि किसून झाल्यावर उरलेला तुकडा उजेडात धरला, तर आतून पांढऱ्या रेघा. ती सुपारी होती. आता शिव्या खाव्या लागणार म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच शकुबाईनं तो कीस गंजात टाकून ढवळला आणि वर वाकून लांब श्वास घेतला.

"आता कसा जायफळाचा वास सुटला! याले नाक लागते, समजलं?"

दिपालीनं उघडलेलं तोंड मिटलं. तिला ते सगळं "वास घे अन् सांग" एकदम आठवलं, आणि मोरीतून वाहून गेलेला लाल रस्सा आठवला. तिनं सुपारीचा तुकडा पदराच्या टोकाला बांधला. "हो आत्याबाई," ती म्हणाली, "लय छान सुटला."

पोळ्यानंतर महालक्ष्म्या आल्या. रूपरावांकडे महालक्ष्मीचं जेवण मोठं, अर्धी आळी पंगतीला. पहाटेपासून शकुबाई सोवळ्यात. डाळ शिजली, येळवणी निथळली, आता गूळ. गुळाची ढेप कोनाड्यात होती. वरच्या फळीवर राकेलचा डबा होता आणि तो बुडाशी पाझरत होता. दिपालीनं ढेप फोडायला घेतली आणि राकेलच्या भपक्यानं तिचं डोकं भणभणलं. चूल पेटवायला राकेलच लागायचं, त्यामुळं त्या घरात सकाळी राकेलचा वास आला म्हणून कुणी मान वर करत नसे.

शकुबाईनं नेहमीसारखं विचारलं, "गूळ कसा हाये? वास घे अन् सांग."

दिपालीनं गुळाचा खडा नाकाशी नेला. खरं बोलायला तिला एक शब्द पुरला असता. ती म्हणाली, "चांगला हाये, आत्याबाई."

सराटा सरळ उभा राहिला. नैवेद्य दाखवला, आरती झाली, पंगत बसली. शेजारचे पुंडलिकराव मानाचे, पहिल्या पाटावर. त्यांनी पोळीचा तुपात भिजलेला घास तोंडात घातला आणि दुसऱ्या क्षणी हातात थुंकला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. "राकेल हाये, राकेल!" कुणीतरी ओरडलं. लेकरं ओकायला अंगणात धावली.

रुख्माबाई चुलीपाशी आली ती लालबुंद होऊन. "काय टाकलं यात? देवाले राकेल चारलं तू?"

शकुबाईला काय झालं ते कळेचना. तिनं घाईघाईनं पुरणाचा गोळा उचलला आणि तोंडात टाकला. गोड होतं. "कुठं काय, वहिनी? चांगलं तं हाये," ती म्हणाली आणि सगळे बघत असताना तो गोळा तिनं गिळला.

तेव्हा दिपाली पुढं आली आणि अगदी मऊ आवाजात बोलली, "आत्याबाईले वास येतच नाई. पोळ्याले सुपारीले जायफळ म्हणल्या." आणि तिनं पदराची गाठ सोडून तुकडा दाखवला.

रुख्माबाईनं शकुबाईला पंगतीच्या मधोमध आणून बसवलं. "डोये मीट." तिनं हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. "हे काय हाये?"

"हिंग," शकुबाई म्हणाली.

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. शकुबाईला वाटलं, सुटली मी.

"डबीच्या झाकनाचा आवाज ओयखते त्या," दिपाली म्हणाली. "फडक्यावर घ्या, आई."

रुख्माबाईनं फडकं राकेलात बुडवलं आणि नाकाला टेकवलं. शकुबाई डोळे मिटून बसली होती. सणाचा दिवस, फडकं ओलं, काय असेल? तिनं सगळा जीव गोळा करून सांगितलं, "विलायचीचं दूध."

पंगत हसली. ओकून आलेली लेकरंही हसली. हरिदास नावाचा एक लांबचा नातेवाईक इतका हसला की त्याला ठसका लागला आणि लोकांनी त्याची पाठ चोळली. शकुबाईची पाठ चोळायला कुणी नव्हतं. रूपरावांनी ताटाला हात जोडले आणि बहिणीकडं न पाहता ते उठून गेले. गूळ कुणी फोडला, हे कुणीच विचारलं नाही.

महालक्ष्म्या उठल्या त्याच दिवशी कैलासनं शकुबाईची खाट कोठ्याजवळच्या खोलीत नेली. भिंतीला सुमित्राबाईच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून होता. "चला," शकुबाई स्वतःशीच म्हणाली, "शेणाचा वास तरी येत नाई." आणि मग ती रडली, चांगली हंबरून रडली, आणि पलीकडून गुरं कान टवकारून ऐकत राहिली.

पुढच्या पोळ्याला ती खोलीत बसून होती. बैलांना ओवाळायला सगळे अंगणात जमले होते. घरात चुलीवर पुरण एकटंच शिजत होतं आणि स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधल्या खिडकीतून त्याचा आवाज येत होता. बुडबुड, मग फटफट. शकुबाईची बोटं मांडीवर आपोआप गोल फिरायला लागली. मग फटफट बसकी झाली. तिला राहवलं नाही. बोललं तर काय होईल हे ठाऊक असूनही ती खिडकीला धरून ओरडली, "दिपाली! पुरण लागलं वं! उतरव, धाव!"

अंगणातून दिपालीचा आवाज आला, "काय म्हणता आत्याबाई? वास आला काय?"

सगळे खो खो हसले. कैलाससुद्धा. हसून झालं, ओवाळून झालं आणि मग दिपाली आत गेली, तोवर बूड काळं झालं होतं. वरवरचं पुरण काढून पोळ्या झाल्या. खालचं खरवडून दिपाली बाहेर टाकायला निघाली, तर रुख्माबाईनं अडवलं.

"फेकू नको वं. शकूले दे. तिले गोड काय न जळकं काय, सारं सारखंच."

दिपाली वाटी घेऊन खोलीत आली. शकुबाईनं हात पुढं केला आणि तिला सुमित्राबाईचा हात आठवला, असाच, कापणारा. तिनं घास घेतला. गोड लागला आणि दाताखाली करपलेला खडा कचकन वाजला. तेवढ्यानं बुडाची जळकी खरवड आपल्या वाटीत आली हे तिला कळलं.

"कसं झालं पुरण, आत्याबाई?" दिपालीनं विचारलं आणि ती उत्तर ऐकायला थांबली.

शकुबाईनं खडा चावून गिळला. "चांगलं झालं," ती म्हणाली आणि वाटी बोटानं पुसून रिकामी करून दिली. उद्याचं ताटही त्याच हातून यायचं होतं.