शिंकेल तो बाद

आधी आमची गल्ली सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नंदुरबारच्या मिरची बाजाराच्या मागे ती गल्ली. खाली वखारी, वर माळे, आणि माळ्यांवर आम्ही. एकेका खोलीत सात-सात, आठ-आठ माणसं! दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावं लागायचं, एवढीच रुंदी. लढाईची वर्षं होती, कामाला माणसं येतच होती, आणि पोरं तर विचारूच नका. पळायला जागा कुठे? जरा पळालं की कोणाच्या तरी वाळवणावर पाय, नाहीतर समोर बैलाची शिंगं. "पयू नका रे!" हे मी दिवसातून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. बाया ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसायच्या आणि आम्हीही शेजारी गुपचूप बसावं असं त्यांना वाटायचं. आम्ही बसणार? पाय नुसते शिवशिवायचे.

म्हणून लपाछपी. तीसुद्धा आमच्या गल्लीची, दुसरीकडे कुठे नसेल अशी! लपलेल्याला शोधायचंच नाही. राज्य घेणाऱ्याने वखारीच्या दाराशी उभं राहून नुसतं ऐकायचं. मिरचीचा खकाणा नाकात गेला की शिंक येणारच, आणि जो शिंकेल तो बाद. दुसरा नियम असा की राज्यवाला हाका मारून फसवणार, पण लपलेल्याने ओ द्यायची नाही. आमच्या वरच्या माळ्यावर एक पोरगी होती, ती सगळ्यांच्या आयांचे आवाज हुबेहूब काढायची. माझ्या आईचा तर असा काढायची की मी दोनदा फसून बाहेर आले होते! तेव्हापासून आम्ही ठरवलं, खुद्द आईने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. हे मी ठरवलं. मीच. नऊ वर्षांची होते.

माझी धाकटी बहीण पाचाची. ती पहिल्यांदा शिंकायची, रोजच. पोरं तिला चिडवायची, "शिंकी वं शिंकी! तुले नही घ्याना, तू पहिलीच बाद व्हस!" ती रडायची नाही, ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघायची. मला तिची दया आली आणि थोडा रागही आला, माझी बहीण ना ती! एका सकाळी मी तिला जिन्याखाली नेलं, आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी पाण्यात भिजवली आणि तिच्या नाकातोंडावर करकचून बांधली.

"आते शिंक येवाव नही. आणि ध्यान ठेव, कोणी बी हाक मारो, बोलू नको."

"माय बलाई तरी?"

"माय बलाई तरी."

तिने मान हलवली. मी तिला शिकवलं ते असं, आणि किती खुशीत शिकवलं!

आमचे वडील त्याच वखारीत तोलारी होते, पोती काट्यावर लावायचे, म्हणून आम्हाला आत जायला जमायचं. खेळायला सक्त मनाई, पण पाण्याचा तांब्या घेऊन गेलं की कोण विचारतंय? त्या दिवशी आम्ही सहाजणं आत शिरलो. माझं राज्य होतं. मी दाराशी उभी राहिले. एकेक करून चार शिंका आल्या, चौघं हसत बाहेर. पाचवी शिंक येईना. मला इतका आनंद झाला! माझी बहीण जिंकतेय!

तेवढ्यात हमाल आले. स्टेशनवर माल जायचा होता, त्यामुळे सगळी घाई. मुकादमाने आम्हाला हाकललं, "चला वं, बाहेर! पायखाले येशात!" आणि आम्ही बाहेर पळालो. मी वळून बघितलं. ती आली नव्हती.

मी दारातून हळू हाक मारली. काही नाही. मोठ्याने मारली. काही नाही. आत अंधार. रॉकेल मिळत नव्हतं, वखारीत कंदील लावायचे नाहीत. त्या अंधारात एक हमाल तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेल्या उंच पोत्यात उतरून पायांनी मिरची तुडवत होता. मिरची अशीच भरतात, दाबून दाबून. शेजारी रिकाम्या पोत्यांचा ढीग. एक भरलं की ढिगातून दुसरं ओढायचं, तोंड उघडायचं, वरून टोपल्या ओतायच्या. आणि माझ्या डोक्यात आलं, ती त्या रिकाम्या पोत्यात असली तर? त्या हमालाचे पाय खाली-वर, खाली-वर होत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते, आणि सांगत नव्हते! वखारीत खेळलो हे कळलं तर वडील सोलून काढतील, याचीच भीती. पोत्यात कोणी असेल याची भीती त्याच्यापेक्षा मोठी व्हायला किती वेळ लागला, ते आठवायला मला आजही नको वाटतं.

आई जेवायला बोलवायला खाली आली. "धाकली कठे शे?"

"माले नही माहीत."

आईने गल्लीत हाक मारली. मग वखारीच्या दाराशी येऊन मारली, "ये वं बाई, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!" आणि मला कळलं. ती आत ऐकत असेल, आणि तिला वाटत असेल ही वरच्या माळ्यावरची पोरगी आहे! आई जितकी प्रेमाने बोलावेल तितकी ती गप्प बसेल. माझ्या घशातून किंकाळीच निघाली.

"ती आत शे! ती बोलाव नही! मीच सांगेल शे तिले!"

काय सांगितलं, कशी पट्टी बांधली, सगळं एका दमात ओकले. वडिलांनी काट्यावरचं पोतं तसंच सोडलं. "काम बंद! कोनी हलू नका!" तुडवणारा हमाल पोत्यात उभा राहिला, फक्त त्याचं डोकं वर दिसत होतं. वडिलांनी रिकामी पोती एकेक झटकली. प्रत्येक पोत्याला मी डोळे मिटायचे. रिकामं. रिकामं. भरलेली पोती राहिली, आणि वडील त्यांच्याकडे बघून बसलेच खाली.

हमालांत सातपुड्याकडचा एक म्हातारा होता, हंगामाला यायचा, आमच्याशी कधी बोलायचा नाही. त्याने ओठावर बोट ठेवलं. मग भिंतीलगतच्या थप्पीला कान लावला, पुढे सरकला, परत लावला. आईने तोंडात पदर कोंबला होता. म्हाताऱ्याने एका जागी हात ठेवला आणि वरच्या पोत्याकडे खूण केली.

थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती. हमालांनी घाईत टाकलेलं एक पोतं कलंडून फटीवर आडवं पडलं होतं, झाकणासारखं. ते काढलं, खालची दोन काढली. ती दिसली. उभीच होती, अडकून. डोळे सुजून बंद, पट्टी मिरचीने लाल, आणि छाती अशी हलत होती की श्वास आत जातोय की नाही समजेना.

ओट्यावर आणल्याबरोबर मी पाण्याची कळशी उचलली. समोरच्या घरातली गुजराती काकी ओरडली, "पाणी नही! छास लाव, छास!" आणि स्वतःच ताकाचं मडकं घेऊन धावत आली. ताकाने तोंड धुतलं, डोळे धुतले. इतक्यात एक म्हातारी हातात मूठभर मिरच्या घेऊन दृष्ट काढायला पुढे! मुकादम भडकला, "मावशी, आनखी मिरच्या?" एरवी सगळी गल्ली हसली असती. कोणीच हसलं नाही. सगळे तिच्या छातीकडे बघत होते. मग ती खोकली, शिंकली, पुन्हा शिंकली, शिंकतच राहिली, आणि आई तिला पोटाशी धरून हमसून रडायला लागली.

मला कोणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आठवडाभर तिचा श्वास शिटीसारखा वाजायचा. मी शेजारी बसून ऐकायचे. थांबला की माझाही थांबायचा. वैद्यांनी काढा दिला आणि वडिलांना म्हणाले, पोरीला मोकळ्या हवेत खेळू द्या, छाती साफ होईल. मोकळी हवा! आमच्या गल्लीत! वडील सुट्टीच्या दिवशी तिला नदीवर न्यायचे, बाकीचे दिवस माझ्याकडे. मी काय केलं? मी तिचं मनगट धरून ओट्यावर बसले. गाडी आली की तिला ओढून घ्यायचे, कोणी "चाल वं खेळाले" म्हटलं की मी म्हणायचे, "ती येवाव नही." बैल, चाकं, जिना, उघडं दार, सगळ्यात मला तीच फट दिसायची. आईला वाटायचं मी शहाणी झाले.

ती मात्र बरी झाली होती. पाय हलवायची, माझा हात झटकायची. एक दिवस समोर पोरं लंगडी खेळत होती आणि ती कळवळून म्हणाली, "सोड ना वं माले! मी काय म्हतारी शे का?"

मी सोडलं नाही. माझी बोटं सुटतच नव्हती, खरंच.

तर ती कडकडून चावली! मनगटावर, दात उमटेपर्यंत. मी हात काढला आणि ती ओट्यावरून उडी मारून दोन गाड्यांच्या मधून पलीकडे, एका पायावर, मोठ्याने हसत. मी ओरडले, "पयू नको!" आणि तशीच गाड्यांच्या मधून तिच्यामागे पळाले.