थरथरता पडदा आणि माझी तयार नजर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आमच्या घोटावड्यात हा विषय निघाला की माणसांना अजून चहाचा ठसका लागतो, आणि मी उठून बाहेर जातो. वैताग आलाय नुसता!

त्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका लागायची. आमच्या आळीत टीव्ही एकच, तो आमच्या घरी. खरं सांगायचं तर तो माझा नव्हताच. माझ्या मेव्हण्यानं, मस्कतला असतो तो, बहिणीला हौसेनं घेऊन दिलेला. सुमन, म्हणजे आमची मंडळी, त्याला स्वतः विणलेलं झाकण घालायची. मला कधी एक मफलर विणला नाही!

पुढच्या खेपेला मेव्हण्यानं मला घरी वापरायचा कॉम्प्युटर आणला. आता तुम्ही म्हणाल, वा! कसलं वा? नुसता बटणांचा डबा. त्याला स्वतःचा पडदा नाही. वायर टीव्हीला जोडायची, मग टीव्हीवर अक्षरं उमटायची.

मी कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. पार्टमध्ये केसाएवढा फरक असला तरी माप न लावता सांगायचो. सगळे म्हणायचे, "ह्यांची नजर लई तयार हाय." ह्या कौतुकानंच माझा घात केला बघा.

कामावरून आलो की चहा घ्यायचा, रोठा सुपारीचं टणक खांड दाढेखाली धरायचं आणि ते फोडत कॉम्प्युटरसमोर बसायचं. आणि काय सांगू, पडदा थरथरायचा! अक्षरं अशी कुडकुडायची की त्यांच्यावर घोंगडी टाकावी. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या पुस्तकात ह्या थरथरीला नाव होतं, फ्लिकर. उपाय पण दिला होता: टीव्हीऐवजी चांगला मॉनिटर वापरा.

"सुमन, इकडं ये. बघ कसं थरथरतंय!"

ती पदराला हात पुसत आली. "कुटं? मला तर काय दिसंना."

"त्याला नजर तयार लागते."

"मग त्या तयार नजरंनं चुलीवरचं दूध बगा. उतू चाललंय."

घ्या! ह्या घरात विज्ञानाची प्रगती व्हायची कशी?

गंमत म्हणजे रविवारी तोच टीव्ही एकदम शांत. आळीतली सगळी माणसं आमच्या ओटीवर. शेजारच्या तानूमावशी उदबत्ती लावायच्या. देव घरात यायचे म्हणून तोंडात पान-सुपारी ठेवायची नाही, हा त्यांचा कायदा. मलासुद्धा थुंकून यायला लावायच्या. तासभर चित्र ढिम्म हलायचं नाही. मी काय अनुमान काढावं? हा टीव्ही मालिकेला बरा, कॉम्प्युटरला बेकार! पुस्तकात सांगितलंय तेच खरं.

शनिवारी सुमन मुठे गावी बहिणीकडं गेली आणि मी एसटी पकडून पुण्यात. दुकानाच्या दारावरच पाटी, आत खायला-थुंकायला मनाई. मी सुपारी बाहेर टाकली, आत गेलो. दुकानदारानं दोन मॉनिटर लावून दाखवले, एक केशरी अक्षरांचा, एक हिरव्या. मी एक डोळा मिटून बघितलं, दुसरा मिटून बघितलं, वाकून बघितलं. दोन्ही दगडासारखे स्थिर! हिरवा जरा जास्तच थंड वाटला.

"हाच! बदल्यात टीव्ही घ्याल का?"

"घेऊ. पण घरी दुसरा टीव्ही आहे ना तुमच्या?"

आता मला सांगा, पुण्याच्या माणसापुढं कमीपणा कोण घेईल? "आहे की!" म्हणालो. हा माणूस हे का विचारतोय, हा प्रश्न माझ्या डोक्याच्या आसपासही फिरकला नाही. उलट मी मनात म्हणत होतो, एवढा भारी पडदा, ह्याच्यावर देव काय झकास दिसतील! दुपारी परत घोटावड्याला, टीव्ही गोधडीत गुंडाळून पुन्हा पुण्यात, आणि संध्याकाळी मॉनिटर घेऊन घरी. कमरेचा पार काटा ढिला झाला.

वायर जोडली. खांड दाढेखाली धरलं. बटण दाबलं.

थरथर! तशीच्या तशी थरथर!

मी स्वतःची समजूत काढली. नवी वस्तू आहे, प्रवासानं दमली असेल.

सकाळी पहिल्या गाडीनं सुमन आली, आणि तिच्या मागोमाग आळी. तानूमावशींनी मॉनिटरला हार घातला, कुंकू लावलं. मी ऐटीत अँटेनाची वायर घेतली, मॉनिटर फिरवला. वायर खुपसायला जागाच नाही! वर नाही, खाली नाही, कुठंच नाही. नुसत्या मॉनिटरवर टीव्ही दिसत नसतो, हे मला तेव्हा कळलं, आळीच्या साक्षीनं.

"अवो, टीव्ही कुटं हाय?" सुमन म्हणाली.

"हाच की. ह्याच्यावर..."

"माजा टीव्ही कुटं हाय?"

तानूमावशी डोळे बारीक करून पडद्याकडं बघत होत्या. एक हिरवा चौकोन लुकलुकत होता. "आन् द्येव?" त्या म्हणाल्या. "द्येव कदी येनार हायेत?"

"देव पुण्यात हायेत," सुमन म्हणाली. "ह्यांनी इकलं."

झालं! सगळी आळी उठली आणि खालच्या आळीकडं पळाली. तिथं ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्याशी आमच्या आळीचं बोलणंसुद्धा नव्हतं! जाताना तानूमावशींनी मॉनिटरचा हार काढून नेला.

घरात आम्ही दोघंच उरलो. सुमन रडली असती तरी चाललं असतं. ती रिकामं झालेलं विणलेलं झाकण घडी करत बसली. मला फार वाईट वाटलं हो. काहीतरी सुचावं म्हणून मी सुपारी तोंडात टाकली आणि पडद्यासमोर बसलो. पुन्हा थरथर!

"बघ! बघ! आता तरी दिसतंय का? माझं काही चुकलं नाही. हा मॉनिटरपण खराब निघाला!"

ती पडद्याकडं बघायची सोडून माझ्याच तोंडाकडं बघत होती.

"थुका," ती म्हणाली.

"काय?"

"आदी थुका म्हंते ना!"

थुंकून आलो. बसलो. पडदा ढिम्म. अक्षरं अशी उभी, की जणू प्रार्थनेला उभी आहेत.

"आता खांड टाका."

टाकलं. कडाकडा चावलं. अक्षरं कुडकुडली. चावायचं थांबलो, अक्षरं थांबली. सुमननं डब्यातलं एक खांड स्वतःच्या तोंडात टाकलं, चावत पडद्यासमोर उभी राहिली, आणि एकदम ओरडली, "अगं बया! हलतंय की वो!"

हलत होतं ते माझं डोसकं! दाढेखाली सुपारी फुटली की डोळ्यांपर्यंत हादरे जायचे, आणि मी, तयार नजरेचा इन्स्पेक्टर, टीव्हीला नावं ठेवत होतो!

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दोघंही मॉनिटर घेऊन दुकानात. टीव्ही अजून फळीवरच होता. सुमननं जाऊन त्याच्यावर हात ठेवला, तो काढेचना.

दुकानदार म्हणाला, "खराबी निघाली तर आम्ही बदलून देतो. खराबी कशात आहे?"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की फ्लिकर..."

"मानिटर एक नंबर हाय," सुमन म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. "खराबी ह्यांच्यात हाय."

दुकानदारानं मला खालून वर न्याहाळलं. "वहिनी, ह्यांची ग्यारंटी काही आम्ही दिलेली नाही."

"ती लगनाच्या दिशीच संपली. माजा टीव्ही द्या."

तो पोट धरून हसला. भला माणूस, मॉनिटर ठेवून घेतला आणि टीव्ही दिला. मलाही तिथंच ठेवून यायचं सुमनच्या मनात होतं. पण एसटी स्टँडपर्यंत टीव्ही उचलायला कुणीतरी पाहिजे होतं, म्हणून मला परत घरी आणलं.