भिंतीकडे तोंड

लोधिवलीजवळच्या आमच्या कारखान्यात ड्रॉइंग ठेवायचा एफटीपी सर्व्हर कॉम्प्युटर विभागातला एकजण सांभाळतो. नवा माणूस आला की त्याच्या नावाचा युजर बनवतो, दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये त्याला जाता येणार नाही अशी सोय करतो, पासवर्ड टाकायला कीबोर्ड पुढे सरकवतो आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसतो. थोड्या वेळाने न वळताच विचारतो, "झालं का?" साहेबांनाही हाच नियम. मला हे जरा नाटकी वाटायचं. मनात आणलं तर तो कुणाचंही फोल्डर उघडू शकतो, हे आम्हाला ठाऊक होतं.

मागच्या वर्षी आमचा एक ड्राफ्ट्समन हायवेवर अपघातात गेला. साहेब म्हणाले, "त्याचा युजर काढून टाक."

"घरचं कुनीतरी येऊन बगू दे आदी," हा म्हणाला. "मी नाय उघडनार."

महिन्याभराने कळंबहून त्या ड्राफ्ट्समनची बायको आली. याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं, नवा पासवर्ड तिलाच टाकायला लावला आणि स्वतः स्टूल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. ड्रॉइंगांसोबत त्या फोल्डरमध्ये घरचे फोटोही होते; ती एकेक उघडत राहिली. जेवणाची सुट्टी झाली, संपली.

त्या दिवशी त्याने "झालं का" विचारलं नाही.