खबर देणार: चंद्रभागा, वय पाच

भूत, बाधा, अंगात येणं या सगळ्याला मी आजवर हसतच आले. आम्ही बौद्ध, त्यातून वडील शाळामास्तर. घरात लिंबू यायचं ते फक्त वरणावर पिळायला. त्यामुळे इथे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

मी बोरगाव मेघेला राहते. वर्ध्यात जुने सरकारी कागद स्कॅन करायचं कंत्राटी काम करते. गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर मर्गच्या फायली आल्या. मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची पोलिस चौकशी. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या फायली, आणि त्यात लहान मुलंच फार. विहीर, नाला, साप, चुलीवरचं आधण. प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी पाच पंचांचे अंगठे आणि तेच ठरलेलं वाक्य, 'सबब आमचे मते...' पहिले दोन दिवस रडू आलं, मग सवय झाली. सवय झाली याचाच आता राग येतो.

आधी फाइल वाचायची, 'मयत' आणि 'खबर देणार' हे दोन रकाने कॉम्प्युटरवर भरायचे, मग जेवणानंतर स्कॅनिंग. एका सकाळी रोहण्याची, म्हणजे आमच्याच मूळ गावची, फाइल उघडली. मयत: चंद्रभागा, वय पाच. पुढे बापाचं नाव वाचलं आणि हात थांबला... ते माझे आजोबा होते.

चंद्रभागा विहिरीत पडून गेली हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ती कोणाच्या हातून गेली, हेही. शेवंता आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, तेव्हा आठ वर्षांची. त्यांची आई कापूस वेचत होती आणि लहानीला सांभाळायचं काम आत्याकडे होतं. 'जराशी पाठ फिरली,' एवढंच आत्या सांगायची. घरच्यांनी तिला ते कधी विसरू दिलं नाही. आज ती ऐंशीच्या पुढे आहे, अजून विहिरीजवळ जात नाही.

खबर देणाराच्या रकान्यातही 'चंद्रभागा, वय पाच' असंच होतं. लिहिणाऱ्याची चूक, अशा चुका रोज सापडतात. मी तसंच भरलं. खाली चार ओळींचा जबाब, कचेरीच्या नाही तर सरळ गावच्या बोलीत, आणि एक इवलासा अंगठा. वाटलं, जबाब आत्याचाच असणार, नाव चुकलंय. तिथूनच तिला फोन लावला आणि वाचून दाखवलं —

“ताईले बोरं आणाले मीच धाडलं. ते नाई म्हणे. मी रडली म्हणून गेली. काठावर नोको जाऊ म्हणलं होतं तिनं, मीच गेली.”

आत्याने लगेच विचारलं,

“बोराचं तुले कोणं सांगतलं?”

“कागदात आहे आत्या. तुझाच जबाब ना हा?”

“मले कोणं इचारलं व? मले त त्याच दिवशी मामाच्या गावाले धाडलं. अन् बोराचं म्या आजवर कोणालेच नाई सांगतलं. मायलेबी नाई.”

जेवणानंतर सुपरवायझर माझी कॉम्प्युटरवरची नोंद बघून आले. “मॅडम, मयतच खबर द्यायला आली का? दोन्हीकडे एकच नाव!” दाखवते म्हणून फाइल उघडली. खबर देणार: गावचा कोतवाल. तो जबाब कुठेच नाही. पानं पुन्हापुन्हा उलटली, क्रमांक सलग. शेवटी फक्त, 'सबब आमचे मते बहिणीचे हयगयीने मुलगी विहिरीत पडून मयत.' खाली पाच अंगठे, पाचही मोठ्या माणसांचे.

डोळे थकले असतील, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण बोरं?

फोनवर आत्याने तो कागद मागितला होता. नियमात बसत नाही, तरी शेवटच्या पानाची झेरॉक्स घेऊन रविवारी रोहण्याला तिच्याकडे गेले. तिला वाचता येत नाही. “वाच,” म्हणाली. मी 'बहिणीचे हयगयीने' या ओळीवर बोट ठेवलं आणि तोंडाने तो जबाब म्हटला, जसा त्या दिवशी वाचला होता तसाच. आत्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग तिने कागद ओढून घेतला आणि पंचांच्या अंगठ्यांखाली, कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

“केवढुसा अंगठा हाय व पोरीचा...”

मला तिथे काहीच दिसत नव्हतं. आणि अंगठ्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं.